आजेसासूबाईंची यादी हात, वीत आणि वावात आहे, कापड वारात घ्यायचंय, हिशेब कसा करू?

नाशिकची_धाकटी:
नमस्कार मंडळी. कापडातल्या आणि जुन्या मापांतल्या जाणकारांनी जरा मदत करा. आमच्या गावी देवीचं छोटं देऊळ आहे, नवरात्रात देवीची वस्त्रं, झालर, चांदवा, पताका हे सगळं आमच्या घराकडे असतं. इतकी वर्षं सासूबाई बघायच्या, यंदा त्यांचे गुडघे धरलेत म्हणून सगळं माझ्याकडे आलंय. त्यांनी आजेसासूबाईंची वही दिली त्यात यादी अशी आहे -

लुगडं १८ हात
झालर ७ हात १ वीत
चांदवा ४ हात औरसचौरस
निशाण २ हात १ वीत
चोळीचा खण १ हात ४ बोटं
पताकांची दोरी ६ वाव
निशाणाची काठी ३ परस

ज्या दुकानदारांशी फोनवर बोलले ते म्हणाले वारात सांगा किंवा मीटरमध्ये सांगा, हातात आम्ही देत नाही. वाराचं मीटर कसं करायचं ते नेटवर लगेच मिळालं (१ वार = ०.९१४४ मीटर) पण हाताचं वार कसं करायचं? मी घरात सगळ्यांचे हात टेपनं मोजले, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सासूबाईंचा १६ इंच भरला आणि ह्यांचा १९. म्हणजे तेच १८ हात लुगडं सासूबाईंच्या हातानं ८ वार होतं आणि ह्यांच्या हातानं साडेनऊ वार! दीड वाराचा फरक म्हणजे काय थोडा नाही. देवीच्या वस्त्राला कापड कमी पडलेलं मला अजिबात नकोय आणि उगाच जास्त घेऊन फुकट जायलाही नको. आणि ते परस म्हणजे काय ते तर घरात कुणालाच नीट सांगता येईना. कुणाचा हात धरायचा?

कापडवाले_इचलकरंजी:
ताई, लुगड्याची काळजी सोडा. कापडाच्या धंद्यात हात हा कुणाच्या अंगावरचा हात नसतोच, तो ठरलेला अर्धा वार असतो. १ हात = १८ इंच, २ हात = १ वार, १ वीत = अर्धा हात म्हणजे ९ इंच, १ बोट म्हणजे पाऊण इंच (२४ बोटांचा हात). अठरा हाती लुगडं म्हणजेच नऊवारी, दोन्ही एकच. आमच्याकडे अजून म्हाताऱ्या बायका येतात त्या अठरा हाती द्या म्हणतात, सुना नऊवारी म्हणतात आणि बिलावर आम्ही मीटर लिहितो, कपाटातून काढून देतो ते लुगडं तेच.

मीटरमध्ये ९ वार = ८.२३ मीटर. इथे एक लक्षात ठेवा, काही ठिकाणी नऊवारी म्हणून ८ मीटरच कापड देतात, ते वीतभर कमी असतं, नेसवताना पदराला जाणवतं. आणि काही जण नऊवारी म्हणजे ९ मीटर समजून मागतात, त्यात पाऊण मीटरच्या वर जास्त येतं आणि पैसे उगाच जातात. फोनवर "नऊ वार, आठ मीटर तेवीस" असं स्पष्ट सांगा आणि घरी आल्यावर टेप लावून बघा.

तोंडी हिशेबाला आम्ही ११ वार म्हणजे १० मीटर धरतो. खरा आकडा १०.०६ येतो म्हणजे अकरा वारात सहा सेंटीमीटर इकडेतिकडे, देवाच्या कामाला पुरतं.

तुमची बाकी यादी दुकानी हातानं अशी येते. झालर साडेसात हात = पावणेचार वार = ३.४३ मीटर. चांदवा २ वार बाय २ वार. निशाण सव्वा वार = १.१४ मीटर. खण १८ + ३ = २१ इंच. चांदव्याला पन्हा (कापडाची रुंदी) बघून घ्या. ३६ इंची पन्ह्याचं कापड मिळालं तर दोन-दोन वाराचे दोन तुकडे मधोमध जोडले की झालं, शिलाईत जाईल तेवढं दोन बोटं जास्त धरा. आणि सुती कापड असेल तर आधी भिजवून वाळवून मग कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं आणि चांदवा खांबांपर्यंत पोचत नाही.

मोजणीदार_निवृत्त:
वरच्या दादांनी कापडाचं अचूक सांगितलं. हा दुकानी हात एवढा पक्का का झाला ते सांगतो, कारण त्यावरच तुमच्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि पुढे गिरण्या वाढल्या, विलायती कापड तर त्याआधीपासून येत होतंच आणि ते सगळं वारात. मग १८८९ साली दोन कायदे झाले, एकानं विलायती वार हे हिंदुस्थानातलं लांबीचं कायदेशीर माप ठरलं आणि दुसऱ्यानं तागे विकताना त्यांच्यावर लांबी वारांत छापणं बंधनकारक झालं. आता तागा वारात म्हटल्यावर दुकानदारानं हात म्हणून काय द्यायचं तर वाराचा अर्धा. म्हणजे नाव शरीराचं राहिलं पण लांबी लोखंडी पट्टीची झाली. १९५६ च्या कायद्यानं मीटर आला तरी कापडात वार हा शब्द गेला नाही.

मात्र जुन्या कागदात "गज" दिसला तर त्याला डोळे झाकून वार समजू नका. मुंबई इलाख्यातला कापडाचा जुना गज २७ इंचांचा होता, मद्रासेकडे ३३ आणि बंगालमध्ये ३६. मुंबईच्या कोष्टकात ८ तसूंची वीत, १६ तसूंचा हात, २४ तसूंचा गज. म्हणजे हात तिथेही १८ इंचच येतो पण गज मात्र दीड हाताचा, दोन हातांचा नाही. जुन्या दुकानाच्या वह्या वाचताना ह्या एका गोष्टीवरून फार गोंधळ होतो.

जमिनीत तर आणखी वेगळं. शिवकाळातली मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची. सभासदाच्या बखरीत हिशेब दिलाय की हात १४ तसूंचा आणि पूर्ण काठी ८२ तसूंची, अशा वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. बघा, हात म्हटलं तरी तो कुठल्या शेतकऱ्याचा किंवा कुठल्या कारकुनाचा हे शिल्लकच ठेवलं नाही, तसूत बांधून टाकला. आणि तोही १६ चा नाही तर १४ चा. पण मुंबईच्या कोष्टकातला तसू घेऊन शिवकाळातली काठी इंचात काढायला जाऊ नका, दोन्ही तसू एकच होते असं धरून चालता येत नाही.

इंग्रजी मोजणीत गुंठा आला ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे ११ वार बाय ११ वार, १२१ चौरस वार, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आणि वर दादांनी सांगितलेलं ११ वार = १० मीटर इथे कामाला येतं, १० मीटर बाय १० मीटर म्हणजे एक आर, म्हणून गुंठा आणि आर जवळजवळ सारखे पडतात (गुंठा १०१ चौरस मीटरच्या किंचित वर). सातबाऱ्यावर हेक्टर-आर बघून घाबरणाऱ्या लोकांना मी हेच सांगत आलोय.

तर ताई, माझं म्हणणं इतकंच की आधी त्या यादीतली वस्तू कुठून यायची ते विचारा. दुकानातून यायची तर १८ इंची हात. घरात कापून शिवायची तर ज्यांनी कापली त्यांचा हात.

नाशिकची_धाकटी:
खूप खूप आभार दोघांचेही 🙏 काकांनी म्हटलं तसं सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या लुगडं कायम तालुक्याच्या दुकानातून यायचं पण झालर आणि निशाण आजेसासूबाई स्वतः घरी कापायच्या, कापड पसरून कोपर टेकवून मोजायच्या. मग पेटी उघडून जुनी झालर काढली, रंग पार उडालाय पण काठ शाबूत आहेत. टेप लावला तर बरोबर १२० इंच! साडेसात हातांनी भागलं तर १६ इंचाचा हात येतो. दुकानी हातानं १३५ इंच यायला पाहिजे होती. म्हणजे एकाच पानावर वर लुगडं दुकानाच्या हातात आणि खाली झालर आजेसासूबाईंच्या हातात लिहिलीय आणि दोन्हीकडे नुसतं हात. त्यांना लिहिताना त्यात वेगळं काही वाटलंच नसणार, कारण कुठलं काय ते त्यांना ठाऊकच होतं. सासूबाई म्हणाल्या की त्यांचा आणि आजेसासूबाईंचा हात सारखाच होता, दोघींच्या बांगड्याही एकाच मापाच्या.

मग झालर मी ३ वार १२ इंच घेऊ ना? आणि निशाण २ हात १ वीत म्हणजे ४० इंच?

कापडवाले_इचलकरंजी:
बरोबर. झालर १२० इंच म्हणजे ३ वार १२ इंच, मीटरमध्ये ३.०५. दुमडायला दोन्हीकडून मिळून ४ इंच वाढवा आणि ३.१५ मीटर सांगा. निशाण ४० इंच म्हणजे १ वार ४ इंच, १.०२ मीटर, त्यालाही काठी घालायची नळी शिवायची असेल तर वीतभर जास्त. पण खरं सांगू का, झालर जिथे लागते त्या गाभाऱ्याच्या चौकटीलाच एकदा टेप लावा. मध्ये देवळाचं काम झालं असेल, फरशी बसवली असेल, रंगाचे थर चढले असतील तर जुनी झालर बरोबर असूनही आज बसायची नाही.

रत्नागिरीचा_दर्यावर्दी:
दोरीचं मी सांगतो. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतची लांबी. आमच्याकडे पाण्याची खोली, नांगराचा दोर, जाळ्याची दोरी सगळं वावात. दोरी मोजायला याच्याइतकं सोपं माप नाही, टोक धरायचं, छातीवरून हात फाकवायचे, पकड सरकवायची, की परत फाकवायचे. दोनशे वाव दोर असा भराभर मोजून होतो, टेप लावत बसलात तर दिवस जाईल.

हिशेबाला १ वाव = ४ हात = २ वार = ६ फूट. म्हणून ६ वाव म्हणजे १२ वार, ११ मीटर धरा. पण माणसाचा वाव साधारण त्याच्या उंचीइतकाच असतो, त्यामुळे पाच फुटी बाईनं मोजली असेल तर ६ वावाचे १० वारच होतात. दोरी स्वस्त असते ताई, १२ वार घ्या, गाठी मारण्यातच हातभर जाते.

आणि एक, ओला दोर आणि सुका दोर एका मापाचा राहत नाही. सुताची किंवा काथ्याची दोरी घेणार असाल तर ताणून मोजायची, नाहीतर पताका लावल्या की मध्ये झोळ पडतो.

शुल्बवाचक:
परसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि ताई हा भाग नीट वाचा कारण यात खरा घोटाळा आहे. परस म्हणजे पुरुष, माणसाएवढी उंची. विहिरी अजून बऱ्याच गावांत परसावर सांगतात, सात परस विहीर आहे वगैरे. पण माणूस कसा उभा आहे त्यावर दोन वेगळी मापं होतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ८४ अंगुळांचा व्याम दिलाय, तो दोरी मोजायला आणि खणलेल्याची खोली मोजायला. २४ अंगुळांचा हात धरला तर ८४ म्हणजे बरोबर साडेतीन हात. आपल्याकडे साडेतीन हातांचा देह म्हणतात, संतांच्या अभंगात औट (साडेतीन) हात येतं, तो हाच हिशेब बसतो. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर ६३ इंच, सव्वापाच फूट, म्हणजे पावणेदोन वार. साध्या उभ्या माणसाची उंची.

शुल्बसूत्रांत मात्र यज्ञवेदी आखायला जो पुरुष घेतात तो १२० अंगुळांचा, पाच अरत्नींचा (अरत्नि म्हणजे २४ अंगुळांचा हात), कारण तिथे यजमान हात वर करून उभा राहतो. त्याचं त्याच पाऊण इंचानं गणित केलं तर ९० इंच, साडेसात फूट, अडीच वार.

आता तुमची काठी ३ परस. पहिल्या हिशेबानं सव्वापाच वार (४.८ मीटर), दुसऱ्या हिशेबानं साडेसात वार (जवळपास ६.९ मीटर). दोन मीटरचा फरक! हे घरी बसून ठरवता येणार नाही. गावात जो कुणी काठी उभी करतो त्याला विचारा, नाहीतर गावातल्या विहीर खणणाऱ्यांना विचारा की तुमच्याकडे परस मोजताना हात वर करतात का.

आणि वर मोजणीदार काकांनी जे लिहिलंय की कामाप्रमाणे हात बदलतो त्याला जुना आधार आहे. अर्थशास्त्रातच एक हात २४ अंगुळांचा आहे, कुरणं मोजायला २८ चा, सुतारकामाला ४२ चा आणि जंगलातल्या मालाला ५४ चा. वीतही एकच नाही, अमरकोशात अंगठा आणि तर्जनी ताणली तर प्रादेश, मधलं बोट ताणलं तर ताल, अनामिका ताणली तर गोकर्ण आणि करंगळी ताणली तर वितस्ति, म्हणजे आपली बारा बोटांची वीत. कोपरापासून मोजायच्या हातातही मूठ मिटली तर रत्नि, करंगळी उघडी ठेवली तर अरत्नि. इतकं बारीक नावनिशीवार ठेवलेलं होतं. हे सगळं एका १८ इंचात कोंबायचा प्रयत्न लोक करतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण होमकुंडासारख्या कामात यजमानाचा स्वतःचा हात हेच माप आहे, त्याचं अंगुळ काढायचं तर त्याच्याच हाताचे २४ भाग करायचे. तिथे वार आणि मीटर फक्त विटा किती लागतील ते काढायला.

बंगळूरची_वहिनी:
इथे बंगळूरला आम्ही रोज हे अनुभवतो. गजरे, शेवंतीच्या माळा सगळं मोळ आणि मारूवर मिळतं. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि मारू म्हणजे दोन्ही हात पसरून, म्हणजे वर दादांनी सांगितलेला वावच. फूलवाली तिच्या हातानं मोजून देते, आपल्या नाही. मल्लिगेचा (मोगऱ्याचा) मोळ महाग असतो सणाला तेव्हा बायका बरोबर लक्ष ठेवतात की कोपराच्या खाली धरलं की वर धरलं. मी आधी वारात डोकं चालवायचे, देवाच्या फोटोला दोन वार हार हवा म्हणजे चार मोळ, पण चार मोळ घेतले की थोडा आखूडच पडायचा, कारण आमच्या नेहमीच्या बाईंचा मोळ लहान आहे. आता सरळ पाच मोळ घेते. धाकटी ताई, तुमच्या यादीत हार दिसत नाही पण गावात फुलं अशीच मिळत असतील तर एखादा हात जास्तच सांगा.

न्यूजर्सीकर:
आमच्या इथे कापड अजून वारावरच मिळतं त्यामुळे नऊवारीला ९ वार मागितलं की विषय संपतो. गणपतीत लेझीमच्या मुलींसाठी आम्ही तसंच तागा घेऊन कापून आणतो. फक्त पन्हा बहुतेक ४४-४५ इंच असतो, उंच मुलींना तो कमी वाटतो, ते आधी बघावं लागतं. भारतातून मागवताना मात्र उलटं, तिकडे मीटर लिहिलेलं असतं आणि इकडच्या बायका वार समजून जास्त मागवतात. सव्वाआठ मीटर हा आकडा आमच्या ग्रूपवर पिन करून ठेवलाय.

नाशिकची_धाकटी:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी. शुल्बवाचक दादा, तुमचं वाचून आजच गावी फोन केला. काठी उभी करणारे आबा म्हणाले आमच्याकडे परस हात वर करूनच, विहिरीलाही तसाच. पण ते म्हणाले की तीन परसातला अर्धा परस जमिनीत जातो, वर अडीचच दिसतो. आबांचा हात वर करून परस किती ते मोजून कळवायला सांगितलंय त्यांच्या नातवाला.

खणाचं एक राहिलं. १ हात ४ बोटं, हा दुकानी की घरचा? खण दुकानातून यायचा पण चोळी घरी शिवायच्या.

मोजणीदार_निवृत्त:
आबांच्या परसावरच जा, पुस्तकातल्या साडेसात फुटांवर नको. आणि नातवाला सांगा आबांना चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं करा, बोटांच्या टोकाला भिंतीवर खूण करा आणि मग टेप लावा, नाहीतर दोघातिघांत तीन आकडे येतील. जमिनीत जाणारा भाग धरून सुताराला पूर्ण लांबी सांगा.

कापडवाले_इचलकरंजी:
खणाला दोन्ही हिशेबात फार फरक पडत नाही बघा. दुकानी २१ इंच, घरच्या १६ इंची हातानं चार बोटं धरून १९ च्या आत. खण तयार तुकड्यातच मिळतो, त्याचे काठ दोन्हीकडे असतात त्यामुळे तो रुंदीला हवा तसा कापता येत नाही, बाहीला काठ यायला पाहिजे ना. म्हणून एक पूर्ण खण घ्या आणि जुनी चोळी पेटीत असेलच, ती उसवू नका, तशीच खणावर पालथी ठेवून खडूनं आखा. देवीच्या मूर्तीचं माप त्या चोळीतच आहे.